घरच्या घरी पॉलिमर क्ले सुरक्षितपणे भाजणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी मी पॉलिमर क्लेचे दागिने आणि फ्रिजवर लावायच्या लहान वस्तू करते, आणि शनिवारी चार-पाच जणींना शिकवते. ऐरोली, नेरूळ, खारघरहूनही शिकायला येणाऱ्या आहेत. वस्तू घडवण्याविषयी त्या फारसे विचारत नाहीत, कारण हात आपोआप शिकतो. प्रश्न येतात ते भाजण्याविषयी, आणि त्यांत भीती व निष्काळजीपणा या दोन्ही टोकांचे प्रश्न असतात. त्यांची उत्तरे एका ठिकाणी असावीत म्हणून येथे लिहीत आहे.

पॉलिमर क्ले ही माती आहे का? भाजताना तिच्यात नेमके काय होते?

नावात क्ले असले तरी ती माती नाही. पेणच्या कारखान्यांत गणपतीसाठी वापरतात ती शाडू माती खनिज असते आणि तिच्यातले पाणी उडून गेले की ती वाळते. पॉलिमर क्लेमध्ये वाळण्याजोगे पाणी नसतेच, म्हणून ती महिनाभर टेबलावर उघडी ठेवली तरी कडक होत नाही. तिच्यात पीव्हीसीचे, म्हणजे ज्या प्लास्टिकचे नळाचे पाइप बनतात त्याच प्लास्टिकचे, पिठासारखे बारीक कण असतात. त्यांना मळण्याजोगे मऊ ठेवणारा प्लॅस्टिसायझर नावाचा तेलकट द्रव असतो. आणि भर घालणारी पूड व रंग असतो.

उष्णता मिळाली की हा द्रव कणांच्या आत शिरतो, कण फुगतात आणि एकमेकांत विरघळल्यासारखे होऊन एकजीव होतात. भाकरी भाजताना पाणी उडते तसे येथे काही उडायचे नसते. कण जुळायचे असतात, आणि ते एका ठरावीक तापमानाच्या पट्ट्यातच नीट जुळतात. तापमान कमी पडले तर ते अर्धवट चिकटतात आणि वस्तू वरून कडक दिसली तरी आतून ठिसूळ राहते. तापमान फार वाढले तर पीव्हीसीचे विघटन सुरू होते आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा वायू बाहेर पडतो. डोळे, नाक आणि घसा यांच्या ओलाव्यात मिसळून तो आम्ल बनतो, म्हणूनच जळालेल्या क्लेच्या धुराने डोळे चुरचुरतात आणि ठसका लागतो. सुरक्षिततेचे पुढचे जवळजवळ सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

कोणत्या तापमानाला आणि किती वेळ भाजावे?

पाकिटावर छापलेल्या तापमानाला. प्रत्येक कंपनीचे मिश्रण वेगळे असल्यामुळे एकच आकडा सर्वांना लागू पडत नाही. जर्मनीची फिमो ११० अंश सेल्सिअसला ३० मिनिटे भाजायला सांगते; बेल्जियमची सर्निट ११० ते १३० अंशांच्या दरम्यान ३० मिनिटे; अमेरिकेची स्कल्पी प्रीमो १३० अंशांना, दर ६ मिलिमीटर जाडीमागे ३० मिनिटे; आणि काटो ही क्ले १५० अंशांपर्यंत मागते. दोन कंपन्यांची क्ले एकाच वस्तूत वापरली असेल तर ज्या क्लेला कमी उष्णता सोसते तिची मर्यादा पाळावी आणि वेळ वाढवावा.

वेळ वाढवल्याने सहसा नुकसान होत नाही, तापमान वाढवल्याने होते. घाईच्या दिवशी "वीस अंश वाढवून दहा मिनिटांत उरकू" असा विचार मनात येतोच, पण तो या कामात चालत नाही.

येथे एक चूक वारंवार होताना पाहिली आहे. परदेशी व्हिडिओंमध्ये तापमान फॅरनहाइटमध्ये सांगतात. "२७५ वर ठेवा" हे ऐकून घरचा ओटीजी, म्हणजे विजेवर चालणारा छोटा ओव्हन, ज्याची तापमानाची चकती साधारणपणे २५० अंश सेल्सिअसपर्यंत जाते, पूर्ण उजवीकडे फिरवला जातो. २७५ फॅरनहाइट म्हणजे १३५ सेल्सिअस. पूर्ण फिरवलेल्या ओटीजीत ती क्ले काही मिनिटांत करपून धूर सोडू लागते.

ओटीजीच्या चकतीवर १३० लावले आहे, मग वेगळा थर्मामीटर कशाला?

कारण चकती आपण काय मागितले ते दाखवते, आत काय आहे ते दाखवत नाही. घरगुती ओटीजीचा थर्मोस्टॅट आतल्या तापणाऱ्या कांड्या चालू-बंद करत तापमान राखतो, त्यामुळे ते सतत वरखाली होते. लहान ओटीजीत कांड्या वस्तूच्या अगदी जवळ असल्याने हा चढउतार अधिक जाणवतो. केकला दहा-पंधरा अंशांचा फरक खपतो, क्लेला खपत नाही.

मी हे स्वतःच्या नुकसानीतून शिकले. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात, तेव्हा त्यांच्या आकाराच्या कानातल्यांचे दहा जोड मी केले होते. गुलाबी अंग, पांढरी पिसे, तारेचे पाय. चकती १३० वर होती. वीस मिनिटांनी उग्र वास आला, सासूबाईंना खोकला सुरू झाला आणि पांढरी पिसे बदामी होऊन बाहेर आली. दुसऱ्या दिवशी ओव्हनचा थर्मामीटर आणून आत ठेवला तेव्हा चकतीवरच्या १३० ला आतला काटा १६५ वर जात होता. सासूबाईंना दमा नव्हता म्हणून ते खोकल्यावर भागले, ही जाणीव अजून माझ्या मनातून जात नाही.

थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. क्लेचे दुसरे पाकीट घेण्याआधी तो घ्यावा असे मी प्रत्येकीला सांगते. तो दारापाशी न लटकवता वस्तू जेथे ठेवणार तेथेच, मधल्या जाळीवर ठेवावा. पहिल्या दिवशी क्ले आत घालूच नये. ओटीजी रिकामा चालू करून वीस मिनिटे तापू द्यावा आणि मग अर्धा तास दर पाच मिनिटांनी काटा कोठे आहे ते काचेतूनच पाहून कागदावर लिहावे. दोन-तीन वेळा असे केले की "आमच्या ओटीजीत ११५ वर लावले की आत १३० राहते" असे आपल्या यंत्राचे स्वतःचे गणित कळते. ते गणित लिहिलेली चिठ्ठी मी ओटीजीजवळच्या भिंतीवर चिकटवली आहे.

मायक्रोवेव्ह, एअर फ्रायर, कुकर यांपैकी काय चालेल?

नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये क्ले कधीही भाजू नये. त्या लहरी प्रामुख्याने अन्नातल्या पाण्याला तापवतात, आणि येथे पाणीच नाही. उष्णता असमान पोहोचते, एखादा भाग कच्चा राहतो तर एखादा जळतो, आणि आत तार किंवा फॉइल असेल तर ठिणग्या उडतात.

कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवेने भाजण्याची, सोय असलेला मायक्रोवेव्ह केवळ कन्व्हेक्शनवर ठेवला तर तो साध्या ओव्हनसारखे काम करतो आणि त्यात क्ले भाजता येते. मात्र गरम हवा आणि मायक्रोवेव्ह लहरी एकत्र चालवणारे कॉम्बिनेशनचे बटण दाबले जाणार नाही याची खात्री हवी. अनेक घरांत हेच यंत्र दिवसभर जेवण गरम करायला वापरले जाते आणि सवयीने बोट चुकीच्या बटणावर जाते. शक्य असेल तर साधा, लहान ओटीजीच घ्यावा असे माझे मत आहे.

एअर फ्रायरमध्ये तापलेली कांडी वस्तूच्या डोक्यावर अगदी जवळ असते आणि पंख्याच्या जोराने हलके तुकडे उडून तिला चिकटू शकतात. तो फक्त क्लेसाठी वेगळा ठेवला असेल, तापमान मोजून पाहिले असेल आणि तुकडे टाइलला घट्ट बसवून फॉइलने झाकले असतील तरच विचार करावा.

कुकरबद्दल फार विचारले जाते, कारण ओटीजी प्रत्येक घरात नसतो. मीठ किंवा वाळू घालून, शिट्टी व रबर काढून कोरड्या कुकरात किंवा कढईत भाजण्याचे प्रयोग लोक करतात. गॅसच्या ज्योतीवर आतले तापमान किती आहे हे कळण्याचा मार्ग नसतो. तळ भराभर तापतो, वरचा भाग मागे राहतो, आणि क्ले करपली तर ती उघड्या ज्योतीच्या शेजारी करपते. मी हा मार्ग कोणालाही सुचवत नाही. इडलीपात्रातली वाफ किंवा उकळते पाणी १०० अंशांपुढे जात नाही, त्यामुळे त्यात वस्तू कडक झाल्यासारखी वाटते, पण तिला ताकद येत नाही. उन्हात ठेवणे, मेणबत्तीवर धरणे आणि केस वाळवायचा ड्रायर यांचाही उपयोग नाही.

ज्या ओव्हनमध्ये केक करतो त्यातच क्ले भाजली तर चालते का?

क्लेसाठी वेगळा ओटीजी असावा, हे सर्वांत चांगले. दोन्हीसाठी एकच वापरणे भाग असेल तर अन्न आणि क्ले एकाच वेळी आत कधीही ठेवू नयेत. भाजताना प्लॅस्टिसायझरचा अगदी थोडा अंश वाफेने उडून भिंतींवर व काचेवर तेलकट थर धरतो, आणि पुढच्या वेळी अन्न शिजवताना तो पुन्हा तापतो. तो थर बसू नये म्हणून वस्तू बंद डब्यात भाजावी: बेकरीत मिळणाऱ्या अॅल्युमिनियमच्या दोन सारख्या ट्रे घेऊन एक खाली, एक उलटी वर, आणि कडेने धातूचे क्लिप. ओव्हन गार झाल्यावर आतून खाण्याच्या सोड्याच्या ओल्या फडक्याने पुसून, मग साध्या ओल्या फडक्याने पुसून काढावा.

ट्रे, टाइल, लाटणे, सुरी, कुकी कापायचे साचे, यांपैकी जे एकदा क्लेला लागले ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. आमच्याकडे अशा वस्तूंच्या दांड्यांना लाल धागा बांधलेला आहे, म्हणजे घाईत कोणी उचलले तरी लक्षात येते.

क्लेपासून वाटी, चमचा, पेला किंवा मोदकाचा साचा करू नये. पूर्ण भाजलेली वस्तूही अन्नाला लागण्यासाठी बनवलेली नसते, आणि वरून वार्निश लावले म्हणून ती तशी होत नाही. मामलेदार मिसळीची एवढीशी ताटली करून फ्रिजवर लावायला हरकत नाही. तर्रीसाठी द्रव क्लेमध्ये, म्हणजे पातळ रूपातल्या पॉलिमर क्लेमध्ये, लाल रंग कालवला की ती अगदी खरी दिसते.

भाजताना थोडा वास येतो. तो विषारी असतो का?

योग्य तापमानाला भाजताना प्लास्टिकचा हलकासा वास येणे नेहमीचे आहे. उग्र, नाकाला झोंबणारा वास किंवा डोळ्यांना दिसणारा धूर मात्र नेहमीचा नाही; तो आला तर तापमान जास्त झाले आहे, असे निश्चित समजावे.

आपल्याकडच्या घरांत खरी अडचण हवेची आहे. ठाणे-नवी मुंबईतल्या फ्लॅटचे स्वयंपाकघर लहान असते, कोरडी बाल्कनी पुष्कळांनी आत घेऊन काचेने बंद केलेली असते, आणि जुलैच्या पावसात खिडक्या लावलेल्याच असतात. अशा दिवशी एक्झॉस्ट फॅन चालू ठेवावा आणि समोरच्या बाजूची एखादी खिडकी चार बोटे तरी उघडी ठेवावी, कारण बाहेरून हवा येत नसेल तर पंखा आतली हवा बाहेर फेकू शकत नाही. एसी लावलेल्या बंद खोलीत भाजू नये. घरगुती एसी बहुतांशी आतलीच हवा फिरवत राहतो. घरात दम्याचा त्रास असणारी व्यक्ती, तान्हे मूल किंवा गरोदर स्त्री असेल तर त्यांनी त्या तासाभरात दुसऱ्या खोलीत बसावे.

पिंजऱ्यातले लव्हबर्ड किंवा पोपट यांच्याबद्दल विशेष सांगायचे आहे. पक्ष्यांची श्वसनसंस्था आपल्यापेक्षा कितीतरी नाजूक असते, आणि जो धूर माणसाला खोकल्यापुरता त्रास देतो तो त्यांच्या जिवावर बेतू शकतो. पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर, दार लावलेल्या खोलीत न्यावा. इमारतीत शेजाऱ्यांचा पिंजरा तुमच्या एक्झॉस्टच्या तोंडाशी टांगलेला नाही ना, हेही एकदा पाहून घ्यावे.

क्ले करपून धूर झालाच तर काय करावे?

आधी भिंतीवरचे बटण बंद करावे. ओव्हनचे दार उघडू नये. दार उघडले की सगळा धूर एकदम खोलीत येतो, आणि आत ज्योत असेल तर तिला हवा मिळते. खिडक्या उघडाव्यात, एक्झॉस्ट लावावा, सर्वांना खोलीबाहेर काढावे आणि ओव्हन पूर्ण गार होईपर्यंत तसाच राहू द्यावा. चालू यंत्रावर पाणी ओतू नये. आतली ज्योत विझत नसेल तर घराबाहेर पडून १०१ वर अग्निशमन दलाला किंवा ११२ वर कळवावे.

डोळे चुरचुरत असतील तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावेत. मोकळ्या हवेत आल्यावरही श्वास लागत असेल, छातीत आवळल्यासारखे होत असेल किंवा खोकला थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जावे आणि प्लास्टिकचा धूर गेला आहे हे त्यांना स्पष्ट सांगावे.

करपलेली वस्तू वाचवण्याचा प्रयत्न करू नये.

ओटीजीसाठी कोणता सॉकेट लागतो?

मागच्या पट्टीवर किती वॉट लिहिले आहे ते पाहावे. साधारण १,००० वॉटच्या पुढचा ओटीजी १६ अॅम्पिअरच्या, म्हणजे मोठ्या तीन छिद्रांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच लावावा. मोबाइल चार्जरच्या एक्स्टेंशन बोर्डवर तो तासभर चालवणे धोक्याचे आहे. जुन्या इमारतींत स्वयंपाकघरात असा एकच सॉकेट असतो आणि तोच गीझर किंवा मिक्सरसाठी वाटून वापरला जातो. भाजणे चालू असताना दुसरे काही त्यावर लावू नये. ओटीजीच्या सर्व बाजूंनी चार-पाच इंच जागा मोकळी असावी, वर कपडा, वर्तमानपत्र किंवा प्लास्टिकची बरणी नसावी, आणि तो चालू ठेवून भाजी आणायला खाली उतरू नये.

वस्तू कशावर ठेवून भाजावी?

सिरॅमिक टाइल सर्वांत चांगली. ती उष्णता धरून ठेवते, त्यामुळे कांड्या चालू-बंद झाल्या तरी वस्तूला बसणारा धक्का सौम्य होतो. फरशीच्या दुकानात उरलेली एखादी टाइल सहज मिळते. टाइलवर थेट ठेवली तर खालची बाजू चकचकीत होते. ते नको असेल तर मध्ये साधा पांढरा कागद घालावा. कागद पेटेल ही भीती अनेकांना असते, पण १३० अंशांना तो पेटत नाही, फक्त तो तापलेल्या कांडीला लागता कामा नये. गोल मणी कॉर्नफ्लोअरच्या थरात अर्धे रुतवून ठेवले की चपटे होत नाहीत. ते पीठही नंतर क्लेसाठीच वेगळे ठेवावे.

टाइल मधल्या जाळीवर, वरच्या-खालच्या दोन्ही कांड्या चालू ठेवून, टोस्ट किंवा ग्रिलचा पर्याय टाळून भाजावे. वर फॉइल तंबूसारखे झाकावे. पांढरी, पारदर्शक आणि फिक्या रंगांची क्ले कांडीच्या थेट उष्णतेने पिवळी पडते, आणि हा फॉइलचा आडोसा ते बऱ्याच अंशी टाळतो.

जाड वस्तू आतून कच्ची राहते. तिच्या आत काय भरता येते?

अॅल्युमिनियम फॉइलचा घट्ट दाबलेला गोळा आत ठेवून वरून ५-६ मिलिमीटरचा थर द्यावा. क्ले वाचते, वस्तू हलकी होते आणि थर सगळीकडे सारखा भाजला जातो. तार, काच, कोरडे लाकूड आणि दगड आत चालतात. लाकडात ओल असेल तर वाफेने क्ले फुगते, म्हणून पावसाळ्यात लाकडी मणी आधी एकटेच ओव्हनमध्ये अर्धा तास सुकवून घ्यावेत. थर्माकोल कधीही घालू नये. तो सुमारे १०० अंशांनाच मऊ होऊन आक्रसतो. स्वस्त प्लास्टिकचे मोतीही वितळतात. फ्रिजवरच्या वस्तूंना लागणारी लहान, ताकदवान निओडिमियम चुंबके भाजल्यानंतर चिकटवावीत, कारण त्यांतली साधी चुंबके ८० अंशांच्या पुढे आपली शक्ती गमावू लागतात. वर सांगितलेल्या रोहिताच्या पायासारखे बारीक भाग तारेवरच घडवावेत आणि भाजताना आडवे झोपवावेत; उभी लांब मान मऊ अवस्थेत स्वतःच्या वजनाने कलते.

वस्तू पूर्ण भाजली गेली हे कसे ओळखावे?

ओव्हनमधून काढताच ओळखता येत नाही, कारण गरम असताना ती रबरासारखी मऊच असते. मऊ वाटते म्हणून तापमान वाढवले आणि वस्तू करपवली, असे नव्याने शिकणाऱ्यांच्या हातून फार होते. पूर्ण गार होऊ द्यावी. दर वेळी त्याच क्लेची दोन मिलिमीटर जाडीची एक पट्टी सोबत भाजावी आणि गार झाल्यावर वाकवून पाहावी. चांगली भाजलेली पट्टी वाकते आणि परत सरळ होते. कच्ची पट्टी बिस्किटासारखी तुटते. काही जुन्या व ठिसूळ जातीच्या क्ले पूर्ण भाजूनही फार वाकत नाहीत, त्यामुळे ही चाचणी आपल्या नेहमीच्या क्लेची सवय झाल्यावर अधिक विश्वासाची होते.

पट्टी तुटली तर सगळी वस्तू पुन्हा पूर्ण वेळ भाजावी. दोनदा, तीनदा भाजल्याने काही बिघडत नाही. कच्च्या वस्तूचा दोष लगेच दिसत नाही, दोन-तीन महिन्यांनी कानातले हातात तुटून येते तेव्हा दिसतो. विकण्यासाठी वस्तू करणाऱ्यांनी म्हणूनच पट्टीची चाचणी कधी सोडू नये.

भाजताना मध्येच वीज गेली तर?

दार न उघडता थांबावे. वीज आली की ओव्हन पुन्हा तापमानाला येऊ द्यावा आणि तेथून पूर्ण वेळ नव्याने मोजावा. वस्तू खराब होत नाही.

मुलांच्या हाती ही क्ले द्यावी का?

घडवण्याचे काम आठ-दहा वर्षांची मुले आनंदाने करतात. भाजण्याचे काम मोठ्यांनीच करावे. तोंडात वस्तू घालण्याच्या वयाच्या मुलांना कच्ची क्ले देऊ नये. पूर्वी अनेक क्लेंमध्ये थॅलेट वर्गातले प्लॅस्टिसायझर असत. युरोपीय संघाने २००५ मध्ये आणि अमेरिकेने २००८ मध्ये मुलांच्या वस्तूंतल्या अशा काही रसायनांवर कायद्याने निर्बंध आणले आणि प्रमुख कंपन्यांनी आपली मिश्रणे बदलली. म्हणून पाकिटावर कंपनीचे नाव, भाजण्याचे तापमान आणि ईएन ७१ किंवा एपी अशी सुरक्षिततेची खूण पाहून घ्यावी. सुट्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, नाव-तापमान काहीच नसलेली क्ले स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. तिला किती अंशांना भाजायचे हेच माहीत नसेल तर सुरक्षितपणे भाजणार तरी कसे?

काम झाल्यावर हात आधी थोड्या खोबरेल तेलाने चोळून, कागदाने पुसून, मग साबणाने धुवावेत. नुसत्या साबणाने क्लेचा चिकट थर जात नाही. त्या हातांनी मध्येच चिवडा खाऊ नये, आणि ही सूचना मुलांइतकीच मोठ्यांनाही आहे.

एप्रिल-मेमध्ये क्ले हातात वितळल्यासारखी होते. ती कशी ठेवावी?

उन्हाळ्यात ठाण्यात दुपारी पारा ३५ च्या पुढे जातो आणि पश्चिमेच्या खिडकीजवळचे कपाट त्याहून तापते. अशा उष्णतेत आठवडेच्या आठवडे राहिलेली कच्ची क्ले पाकिटातच हळूहळू जमू लागते आणि नंतर मळताना भुगा होते. फ्रिजच्या वर, टीव्हीमागे किंवा गाडीच्या डिकीत ती ठेवू नये. घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीलगतच्या खणात ठेवावी. फार मऊ झालेली क्ले दोन कोऱ्या कागदांत दाबून रात्रभर ठेवली की जादा तेलकटपणा कागद शोषून घेतो.

डबा कोणता वापरतो हेही महत्त्वाचे आहे. प्लॅस्टिसायझर काही प्लास्टिकांना विरघळवतो. ज्या डब्याच्या तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा आहे, म्हणजे पॉलिप्रोपिलिनचा, तो चालतो. ६ आकड्याचा कडक, काचेसारखा दिसणारा डबा चिकट होऊन क्लेला धरतो. पॉलिश केलेल्या लाकडी टेबलावरही कच्ची क्ले ठेवू नये, डाग जात नाही.

पावसाळ्याची अडचण वेगळी. टाइल दमट असेल तर भाजताना क्लेखाली वाफ अडकून फुगे येतात. टाइल आधी ओव्हनमध्ये गरम करून, कोरडी करून, गार झाल्यावर त्यावर काम करावे.

चमक आणण्यासाठी नेलपॉलिश लावले तर चालते का?

नाही. त्यातली द्रावके क्लेला हळूहळू मऊ करतात आणि काही आठवड्यांनी वस्तू चिकट होते. बऱ्याच स्प्रे वार्निशांचेही तेच. पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन वार्निश वापरावे, किंवा ४०० नंबरपासून सुरुवात करून ६००, ८००, १,००० असे पाण्यात चालणारे पॉलिश पेपर क्रमाने घासून नुसत्या जीन्सच्या कापडाने चमक आणावी. घासणे नेहमी पाण्याखालीच करावे, म्हणजे प्लास्टिकची बारीक धूळ उडून श्वासात जात नाही.

या क्लेचा गणपती करून विसर्जन करता येईल का?

विसर्जनाचा गणपती शाडूचाच करावा. पॉलिमर क्ले प्लास्टिक आहे. ती तलावपाळीच्या पाण्यात विरघळत नाही, वाशीच्या खाडीतही नाही, आणि कृत्रिम तलावातही नाही. देव्हाऱ्यात किंवा गाडीत कायम ठेवायची, कधीच विसर्जन न करायची लहान मूर्ती या क्लेची करता येते.

भाजलेली वस्तू तुटली तर जोडता येते का?

येते. तुटलेल्या दोन्ही बाजूंवर द्रव क्लेचा पातळ थर लावावा, तुकडे दाबून धरावेत, बाहेर आलेला भाग टूथपिकने पुसावा आणि वस्तू कॉर्नफ्लोअरमध्ये आधार देऊन पुन्हा पूर्ण वेळ भाजावी. फेव्हिक्विकसारख्या झटपट गोंदाने जोडलेली वस्तू मात्र पुन्हा ओव्हनमध्ये घालू नये, कारण तापल्यावर त्या गोंदाच्या वाफा डोळ्यांना झोंबतात आणि जोडही सुटतो. जोडण्याआधी तुटलेली कड नीट पाहावी. ती भुसभुशीत, बिस्किटासारखी दिसत असेल तर वस्तू पहिल्यांदाच कच्ची राहिली होती. तेव्हा जोडकामाआधी थर्मामीटर आत ठेवून ओटीजीचे तापमान पुन्हा मोजावे.